टिटवीची लाल झेंडी

समुद्रपूरच्या मोटार थांब्यावर सडकेच्या कामावरचे दोघं बोलत उभे होते. मंदाबाईचं तोंड रस्त्याकडं, पण कान त्यांच्याकडंच.

"प्रेमदास, सारी गिट्टी पसरली, मंग एकच ढीग काऊन ठेवला?"

"त्याच्यात टिटवीनं अंडे घातले, तानबा. कोनी फावडं लावाले नोको म्हून मी लाल झेंडी रोवली."

"अन् साहेब आला तं?"

"आलता ना. 'इथं काय धोका हाय?' म्हने."

"मंग?"

"म्हटलं, लय धोका हाय साहेब. कोनाले, ते त्यानं इचारलंच नाई."

"पिल्लं निघाले का?"

"निघाले, अन् वावरात गेले बी."

"मंग झेंडी काऊन अजून?"

"दुसरी टिटवी येऊन बसली ना तिथं."

मोटार आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता मंदाबाई वळली.

"भाऊ, थो ढीग कोन्या बाजूच्या खिडकीतून दिसते?"