उत्तराला लागणारा वेळ

(कोथरूडमधला एक फ्लॅट. घशाच्या ऑपरेशनमध्ये यज्ञेश्वरांचा आवाज गेला. आता ते टॅबवर लिहितात आणि टॅब ते मोठ्याने वाचतो. तो प्रोग्रॅम शेजारच्या मेहरुनने लिहिला आहे.)

पद्मजा : ...म्हणून म्हणते, ठेवून दे तो टॅब कपाटात. परवा श्रीनिवासभावजी आले होते. म्हणाले, 'यायचं रोज ठरवतो, पण वेळच मिळत नाही.' यांनी लगेच लिहिलं. भावजी चपला घालून जिना उतरले, तेव्हा टॅब बोलला, 'आज चुकून मिळाला वाटतं.'

मेहरुन : सॉरी काकू, हसू आलं.

पद्मजा : मलाही आलं. यांना नाही आलं. तेव्हापासून बोलणंच सोडलंय. नुसती मान हलवतात. मला हे घर खायला उठतं गं.

मेहरुन : काका, एक शेवटचा चान्स द्या. मागच्या वेळी मी अंदाजाने आवाजाचा भाग बदलला, काही फरक पडला नाही. आज अंदाज नाही. प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाच्या आधी नि नंतर घड्याळ लावलंय. वेळ कुठे जातो ते तोच सांगेल. लिहा काहीतरी.

पद्मजा : मला विचारशील तर यांचं टायपिंगच हळू. एका बोटाने टकटक.

यज्ञेश्वर : बरी आहेस ना, मेहरुन?

मेहरुन : मजेत, काका! आणि काकू, तुमची चूक नाही नि काकांचीही नाही. बटण दाबल्यानंतरचा वेळ आहे हा. आवाज तर चटकन तयार होतोय. सगळा वेळ शब्दकोशात जातोय.

पद्मजा : म्हणजे?

मेहरुन : दर वाक्याला आख्खा शब्दकोश नव्याने उघडतोय. एक कप चहासाठी माळ्यावरची सगळी भांडी खाली काढावीत, तसं. माझाच गाढवपणा. एकदाच उघडून ठेवला की झालं... हं. काका, आता बोला.

पद्मजा : अगं, जरा दमाने. ऑफिसातून तशीच आलीस, आधी चहा घे, मग निवांत—

यज्ञेश्वर : मग टाक की चहा.

पद्मजा : टाकतेच आहे. पण तुम्हाला साखर मिळणार नाही, डॉक्टरांनी बजावून—

यज्ञेश्वर : डॉक्टर येणारेत का चहाला?

मेहरुन : काका, एका बोटाने इतकं पटकन?

पद्मजा : मी काय म्हणणार ते पाठ आहे त्यांना. माझं वाक्य सुरू झालं की यांचं उत्तर लिहून तयार.

मेहरुन : काकू, डोळे का पुसताय?

पद्मजा : मला मध्येच तोडलं गं यांनी! ऑपरेशन झाल्यापासून या घरात माझं प्रत्येक वाक्य पुरं होत होतं. मेहरुन, तुझे किती आभार मानू, तू आज आमच्या—

यज्ञेश्वर : थांब. हे मला म्हणू दे.