‘सर्वानु’ कोण हाय?

मंडळी, माताभगिनींनो,

शाळेच्या या पटांगणात आज निम्म्याहून जास्त बायका बसल्या आहेत. आपल्या गावच्या सभेत हे मी पहिल्यांदा पाहतोय. गयाबाईंना आवडलं असतं.

मी तेलगावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, किराणा दुकानात बसणारा माणूस. नगरपालिकेचा सदस्य आहे, पण भाषण मला येत नाही. सकाळी महादेवाला पाणी घालताना जे काही पुटपुटतो तेवढंच. आज बोलणं त्याहून अवघड आहे. जे बोलायचं त्यात माझीही चूक आहे, आणि ज्यांच्यासमोर बोलायचं ते आपल्या पालिकेचे अध्यक्षसाहेब पुढच्याच खुर्चीवर आहेत. साहेब, तुम्ही आलात हे बरं झालं.

गयाबाई गेल्या त्याला आज तेरा दिवस झाले. बांगड्यांची टोपली घेऊन टेकडीवरच्या गल्लीत चढल्या, एका ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. इथं बसलेली एकही बाई अशी नसेल जिच्या हातात त्यांनी बांगड्या भरल्या नाहीत. नुसता हात हातात घेतला की त्यांना सगळं कळायचं. एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “अप्पा, वरल्या गल्लीतल्या पोरींच्या हाताला सव्वादोनची बांगडी जातच न्हाई. घागरी वाहून वाहून हात रुंद झालेत. खालच्या गल्लीत त्याच वयाच्या पोरींना सहज जाती.” गावातल्या पाण्याची पाहणी यापेक्षा चांगली कोणत्या इंजिनिअरनं केली?

बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा पुढाऱ्यांनी आपापल्या घरच्या बायका उभ्या केल्या. गयाबाईंच्या घरात पुढारी नव्हता. त्या टोपली घेऊनच मतं मागत फिरल्या आणि निवडून आल्या.

त्यांची पहिली सभा मला आठवते. बाकीच्या बाईसदस्यांचे नवरे मागं बाकावर बसले होते. हेडक्लार्क मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. प्रत्येक ठरावाच्या शेवटी एकच शब्द. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते मंजूर. गयाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कान तिखट. चौथ्या ठरावाला त्या उभ्या राहिल्या.

“साहेब, एक इचारू का? हे सर्वानु कोन हाय?”

सभागृह हसलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ओ बाई, बसा खाली. बांगड्या इका.”

“बसते की. पन दर ठरावाला त्याचंच मत कावून? एकदा त्याला माझ्या गल्लीत आना. पानी येतं का न्हाई, दावते.”

मीही हसलो होतो. लई हसलो होतो. नंतर चहा पिताना मी त्यांना समजावलं की सर्वानु हा माणूस नाही, सर्वांच्या मतानं असा त्याचा अर्थ.

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हंजी माझं बी मत धरलं का त्यात?”

“हो, तुमचंही.”

“मला तर कुनी इचारलं न्हाई.”

मंडळी, मी त्यांच्या आधीपासून सदस्य होतो. मलाही कधी कुणी विचारलं नव्हतं. फरक इतकाच, की माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना ‘सर्वानुबाई’ नाव पडलं. त्या नावानं हाक मारली तरी त्या ओ द्यायच्या.

मग गावात नवं वारं आलं. एसटीडीचे बूथ आले, घरोघरी केबल आली. पालिकेत बोलणं सुरू झालं की आता फुकट काही राहणार नाही. पाणी ठेकेदाराकडं द्या, चौकातले सार्वजनिक नळ बंद करा, ज्याला पाहिजे त्यानं घरात नळ घ्यावा. हा विषय तीनदा सभेपुढं आला आणि तिन्ही वेळा गयाबाई उठल्या. “माझं न्हाई म्हनून लिहा. नाव घालून लिहा. आन् जे हो म्हनतील त्यांची बी नावं लिहा.” नाव लिहून घ्यायला कुणी तयार नव्हतं, कारण मतं मागायला त्याच चौकात जायचं होतं. विषय तहकूब. तिन्ही वेळा तहकूब.

साहेब, तुम्ही त्यांना म्हणाला होतात, “बाई, जग कुठं चाललंय ते बघा.”

त्या काय म्हणाल्या, आठवतं? “जाऊ द्या की साहेब. जाताना पानी पिऊनच जाईल न्हवं?”

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर आली नसेल. चिडलेली पोरं एकदा गयाबाईंची टोपली उचलायला निघाली होती, तुम्हाला बांगड्यांचा आहेर करायला. त्यांनी टोपली मागं ओढली. “ठेव बे खाली. माझ्या बांगड्या कष्टाच्या हातात जात्यात. कुनाला लाजवायला न्हाईत त्या.”

आता माझी चूक सांगतो. त्या गेल्यावर चौथ्या दिवशी सभा झाली. पहिला विषय शोकप्रस्ताव. त्यांच्या खुर्चीला हार घातलेला. आम्ही उभे राहिलो, बसलो. दुसरा विषय सार्वजनिक नळ. साहेबांनी विचारलं, “मंजूर ना?” कुणी बोललं नाही. हेडक्लार्कांनी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

मी तिथं होतो. तोंडात जीभ होती. मनाला म्हणालो, आजचा दिवस भांडणाचा नाही. ते खोटं होतं. माझं दुकान पालिकेच्या गाळ्यात आहे आणि करार यंदा संपतो, हे खरं होतं. भ्यालो होतो मी.

सोमवारच्या सभेत ते इतिवृत्त कायम होईल. एकदा कायम झालं की नळ तोडायला माणसं येतील, आणि कागद म्हणेल की गावाची हरकत नव्हती. म्हणून काल मी लेखी अर्ज दिला. माझं मत विचारलेलं नाही, माझा विरोध आहे, तो माझ्या नावानं लिहा. शिक्का मारून पोच घेतली. शिक्का मारणारा हळूच म्हणाला, “अप्पा, गाळ्याचं बघा.” मी म्हणालो, गाळा गेला तर ओट्यावर बसून तूरडाळ विकीन. रोज महादेवापुढं हात जोडतो. माझ्या नावावर खोटं लिहिलेलं ठेवून ते हात आता जोडवत नाहीत.

साहेब, सोमवारी मी एकटा असलो तरी उठणार आहे. तुम्ही विषय रेटलात, तर हो म्हणणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी मोठ्यानं विचारणार आहे.

आता श्रद्धांजलीसाठी उभं राहायचं आहे. पण त्याला सगळेच उठतात, आणि नंतर त्याचाही कुणी भलता अर्थ लावील. म्हणून आधी वेगळं विचारतो, कारण तुम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. चौकातले नळ बंद करायला ज्यांची हरकत आहे, त्यांनी उभं राहावं. ज्यांची नाही त्यांनी बसावं, त्यांना कुणी काही म्हणणार नाही. सावकाश उठा. म्हाताऱ्या बायांना हात द्या.

साहेब, जरा मागं वळून बघा.

बसू नका कुणी. असेच उभे राहा. आता हीच दोन मिनिटं गयाबाईंसाठी. आमच्या घरात थोरामोठ्यांना नमस्कार करताना शरणार्थी म्हणतात. गयाबाई, शरणार्थी.