फोटूत भागुबाईचा धूर

...अन् वरून बोल कुनाला? तर मला! आता तुमीच सांगा, ह्यात माझा काय कसूर? मोबाइल का म्या केला? बसा हो, तुमच्या पालमच्या गाडीला येळ हाय अजून. तुमाला सांगतो, आमी मेंढरं राखनारी मानसं, निम्मी जिंदगी रानात गेली, लग्नात फोटूवाला आला न्हाई, फुडं कुनाला सुचलं न्हाई, तवा आमची सून दिपाली म्हनली, "मामा, आत्याचा अन् तुमचा जोडीचा एक बी फोटू न्हाई, काढू या, भिंतीला लावू." म्हनलं, काढ! मी फेटा बांधला, आमच्या भागुबाईनं ठेवनीतलं लुगडं नेसलं, सकाळधरनं आरशाम्होरून हलंना... लय हौस हो तिला!

लिंबाखाली उभं ऱ्हायलो. मी म्होरं, ती मागं, डोक्यावर पदर. आमच्यात बाई नवऱ्याच्या मागंच चालती, बाजारात मागं, जत्रंत मागं, मग फोटूत म्होरं कशी येनार? दिपालीनं बोट दाबलं. बघतो तर... मी झकास! मिशीचा केस न् केस मोजून घ्या! अन् मागं? नुसता धूर! लिंब धूर, मेंढरं धूर, अन् त्या धुरात आमची भागुबाई खलास!

म्हनलं, "आगं, हिला कुनी पुसलं?" तर सून सांगायली, "मामा, पोर्ट्रेट हाय ते. कोन जवळ, कोन लांब, मोबाइल आपल्या अंदाजानं मापतो. जवळचा चेहरा धरतो अन् मागचं सगळं आतल्या आत धुरकट करून टाकतो." वा रं हुशारी! म्हंजी मागं उभं ऱ्हायलेलं ते फालतू? ह्यात माझा काय कसूर, सांगा!

भागुबाई काय भांडली न्हाई. भांडली असती तर परवडलं असतं! नुसती मोबाइलकडं बघत ऱ्हायली अन् डोळ्याला पदर लावला. "एवढी नटली," म्हनती, "मी नव्हतीच का तिथं?"

म्हनलं, दिपाली, परत काढ! "भागे, ये, खांद्याला खांदा लाव." तर ही लाजायली! "आवो, शेजारनी बगायल्यात, ह्या वयात काय म्हनतील!" लय इनवलं, जागची हलंना. इकडं दिपाली वरडायली, "मामा, ऊन चाललं, काढते बगा!" मला काय सुचलं, म्हनलं ती म्होरं येईना तर मीच मागं जातो, झिजतो का काय मी? सरकलो मागं! अन् नेमका त्याच टायमाला हिनं केला मनाचा हिय्या... अन् आली की म्होरं!

फोटू काय सांगू! भागुबाई लखलखीत, नाकातल्या फुलीचा खडा सुदिक दिसायलाय. अन् मागं लिंब धूर, मेंढरं धूर, अन् त्यात एक फेटा, त्यो बी धूर! ह्यात तरी माझा काय कसूर?

"पुसून टाक, तिसरा काढ," म्हनलं. तर भागुबाईनं मोबाइल छातीशीच धरला. "आता न्हाई. ह्योच लावायचा." लावला! दारासमोरच्या भिंतीला, चांगला मोठा करून! येनारा-जानारा इचारतो, "भागुबाई झकास आली, पर मागं ते धुरकट काय हाय?" तर ही काय म्हनती ठावं हाय?

"ते व्हय? आमचे मालक हायत. मागंच उभे ऱ्हातेत."

मी आपलं "हाव, मीच त्यो" म्हनतो, अन् मेंढरं सोडतो.