आधी आकडे, मग माणसं

नाही, मला एक सांगा, फोन म्हणजे असतं तरी काय? नंबर फिरवायचा, पलीकडचं माणूस बोलायला लागलं की आपणही बोलायचं, बोलून झालं की ठेवून द्यायचा. बरोबर ना? जगात सगळीकडे हीच रीत आहे ना? मग एकदा आमच्या दाजींच्या घरी जाऊन बघा. तिथं फोन करायचा म्हणजे आधी चष्मा लागतो, मग पेपर लागतो, मग घड्याळ लागतं, आणि एवढं सगळं होऊन काही वेळ उरलाच तर बोलायचं…

दाजी म्हणजे नुरेत्तिन, माझ्या थोरल्या बहिणीचे, हाजेरताईचे यजमान. इथं जर्मनीत, डुइसबुर्गला, पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म क्रेन चालवली. आणि चिकट म्हणाल तर अजिबात नाही हं. त्यांच्या दारात गेलेला माणूस उपाशी परत आलेला मी पाहिला नाही. उन्हाळ्यात गावाकडे निघाले की गाडीच्या टपावर कुणाचं धुलाईयंत्र, कुणाची सायकल, कुणाच्या आईचं गुडघ्याचं मलम… स्वतःच्या बायकोला पाय ठेवायला जागा नाही, पण नाही म्हणणार नाहीत. असा देवमाणूस बिघडला कशानं, तर फोननं. म्हणजे झालं काय, पूर्वी टेलिफोनची कंपनी एकच होती, ती म्हणेल ते बिल मुकाट भरायचं. मग सरकारनं कायदा बदलला आणि ज्याला त्याला फोनची कंपनी काढायची मुभा दिली. घरातला फोन तोच, तार तीच, फक्त नंबराच्या आधी त्या दुसऱ्या कंपनीचे पाच आकडे फिरवायचे, की तुमचा फोन तिच्यामार्फत जाणार आणि स्वस्तात जाणार. झालं! अशा कंपन्या निघाल्या शंभर, प्रत्येकीचा दर वेगळा, सकाळचा निराळा, संध्याकाळचा निराळा, बर्लिनला एक स्वस्त तर तुर्कस्तानला दुसरी. पेपरात रोज तक्ता यायचा. दाजी तो कापून फोनच्या वर भिंतीला चिकटवायचे आणि घरात फर्मान काढलं होतं, की आकडे फिरवल्याशिवाय कुणी फोनला हात लावायचा नाही. आधी आकडे, मग माणसं.

पैशाचं नव्हतंच हो ते. पैसे वाचून वाचणार किती? चार फेनिग, म्हणजे इथली चिल्लर. पण एवढ्या मोठ्या कंपनीला आपण बसल्या जागी हरवलं, ह्याची जी गोडी लागली ना माणसाला… ताई बिचारी आमच्या आईशी बोलत असायची. आई तिकडे तुर्कस्तानात, गिरेसुनच्या डोंगरात, एकटी, गुडघ्यानं बेजार. ती सांगतेय की पोरी, जिना चढताना कळ येते ती अशी इथून निघते, की दाजींनी समोरून घड्याळ दाखवलंच. ठेव म्हणे, सहानंतर दुसरी कंपनी स्वस्त आहे. ताई ठेवायची. म्हणजे आमच्या आईचा गुडघा निम्मा साडेपाचला दुखायचा आणि निम्मा सहानंतर.

इथवर ठीक होतं. पण मग तुन्जायचं लग्न निघालं.

तुन्जाय त्यांचा एकुलता एक. इथंच जन्मला, वायरमनचं काम शिकला, गुणी पोरगा. सुट्टीत गावी एका लग्नात त्यानं सेविलाय नावाची मुलगी पाहिली, तिनंही त्याला पाहिलं, आणि वर्षभर दोघांची पत्रं. मुलीचे वडील म्युर्सेल, हेझलनटची बाग राखणारे, गंभीर गृहस्थ. बोलायचे असे की एक शब्द झाला की दुसऱ्याची वाट बघत चहा प्यावा. आता खरं तर मुलगी मागायला माणसानं दारी जायचं, पण उन्हाळा दूर, आणि तिकडे शेजारच्या ओर्दू शहरातल्या एका औषधवाल्याचं स्थळ घिरट्या घालायला लागलेलं. म्हणून ठरलं, की शब्द आत्ता फोनवर घ्यायचा, बाकीचं उन्हाळ्यात.

रविवारी दुपारी आम्ही सगळे जमलो. ताईनं ठेवणीतली ओढणी बांधलेली, तुन्जायनं घरातल्या घरात टाय लावलेला, मी आपला खुर्ची धरून. ताई हळूच म्हणाली, "आजच्या दिवस सरळ लावा हो. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे."

दाजींनी चष्मा पुसला. त्या दिवशी एक नवीच कंपनी निघाली होती, तुर्कस्तानला सगळ्यांत स्वस्त. म्हणाले, "आधी आकडे, मग माणसं."

आणि लागला की फोन! पण तो आवाज, तुम्हाला सांगतो, कुठून फिरून जात होता देव जाणे. आपण बोललेलं आधी आपल्यालाच ऐकू यायचं, मग खरखर, मग तिकडचं उत्तर. मधे एवढा वेळ, की समोरच्याला वाटावं ह्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तो दुसरं बोलायचा, की पहिल्याचं उत्तर येऊन पोचायचं. दाजी म्हणाले कसे आहात, तिकडून आलं तुम्ही कसे आहात, दाजी म्हणाले देवाची कृपा, तिकडून आलं पाऊस नाही. त्यात म्युर्सेल आमचे संथ, घरातल्या एकेकाची विचारपूस करणार, म्हशीपर्यंत आले… दाजींच्या कपाळाची शीर उडत होती. शेवटी रीतीप्रमाणे, देवाच्या आज्ञेनं तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो, हे त्यांनी एका दमात म्हणून टाकलं.

मग म्युर्सेलनी विचारलं, की मुलाची नोकरी पक्की आहे ना? दाजी म्हणाले, "हो हो, त्यात विचारायचं काय?"

आता इकडे हे बोलले, पण ते तिकडे पोचलं कुठं होतं? म्युर्सेलना वाटलं, नोकरीचं विचारलेलं बरं दिसलं नाही, माणूस गप्प झाला. म्हणून त्यांनी ते सोडून मनातलं खरं विचारलं. सेविलायची आई तिच्या लहानपणीच गेली, तिला वाढवलं आईच्या आईनं, शादिये आजीनं. म्युर्सेलनी दुसरं लग्न केलं, आणि दुसरी बायको आणि ही म्हातारी, एका घरात दोन चुली. पोरीचं म्हणणं एवढंच, की आजीला मागं टाकून मी जाणार नाही. तर व्याही, आमच्या म्हातारीला तुम्ही घरात घ्याल का? असं त्यांनी विचारलं, आणि नेमकं तेव्हा आमच्या दाजींचं उत्तर डोंगर चढून तिथं पोचलं. हो हो, त्यात विचारायचं काय.

हे आम्हाला पुढं कळलं हो. तेव्हा आम्हाला ऐकू आलं काय, तर खरखर, खरखर, 'आजी', खरखर, आणि मग त्या धीरगंभीर माणसाचा रडवेला आवाज, "नुरेत्तिनभाऊ, फार मोठ्या मनाचे आहात." आणि फोन कटला.

ताई म्हणाली, ते आजीचं काय होतं, परत लावा. दाजींनी दोनदा लावला, ती स्वस्त कंपनी दोन्ही वेळा व्यस्त. मग म्हणाले, राहू दे, आजीनं आशीर्वाद दिला असेल. शब्द मिळाला ना? आणि कितीत मिळाला बघ! अहो, मुलगी मिळाल्यापेक्षा ती कितीत मिळाली ह्याचाच आनंद जास्त.

ऑगस्टात लग्नाला गेलो. अंगणभर हेझलनट वाळत घातलेले, गावातली जाणती माणसं कडेनं बसलेली, आणि म्युर्सेल दाजींचा हात धरून सगळ्यांना सांगताहेत, की औषधवाल्याच्या आईनं म्हातारीचं नाव काढताच तोंड फिरवलं, आणि ह्या माणसानं, मी विचारतोय तोवर, श्वाससुद्धा न घेता म्हटलं, त्यात विचारायचं काय. आजींच्या व्हिसाचे कागद कधी पाठवताय, व्याही?

दाजींचा चेहरा मी पाहिला. क्रेनवरून खाली बघितल्यासारखा. पण सगळं गाव बघतंय, काय बोलतील? नुसती मान हलवली आणि पाणी प्यायचं निमित्त काढून घरामागं गेले. मीही मागोमाग गेलो, म्हटलं चक्कर बिक्कर येते की काय. तर तिथं शादिये आजी आधीच येऊन उभी. एवढीशी म्हातारी, पण डोळे असे की सुईत दोरा ओवावा. म्हणाली, "लेका, तुला त्या फोनवर ऐकू आलं नव्हतं. हो ना?"

दाजी नळाखाली ओंजळ धरायला लागले.

"मला तुझ्या तोंडावरूनच कळलं. हे बघ, अजून वेळ गेलेली नाही. मीच सांगते, मला त्या थंडीच्या मुलखात यायचं नाही. तुझा शब्दही राहील आणि पोरीचं लग्नही होईल. मला काय, आता थोडंच राहिलंय."

अंगणातून सेविलायचा हसण्याचा आवाज येत होता. मग दाजी म्हणाले, "आजी, ऐकू आलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो."

आजी म्हणाली, "खोटं बोलतोस. पण बरं बोलतोस." आणि त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकून गेली.

तर वसंतात सून आली आणि तिच्या पाठोपाठ आजी आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. ते तीन महिने संपले की जाते आणि पुन्हा येते. ताईला वाटलं होतं कटकट होईल, तर आता आजीशिवाय तिला चहा जात नाही. आणि दाजी? अहो, दाजी तर शिष्य झाले तिचे! कारण पहिल्याच आठवड्यात आजीनं भिंतीवरचे ते तक्ते पाहिले आणि विचारलं, हे काय? दाजींनी अभिमानानं समजावलं, कोणती कंपनी केव्हा स्वस्त. आजी म्हणाली, म्हणजे पैसे पडतातच की. आमच्यात फोनला पैसे पडतच नाहीत. एक घंटी वाजवून ठेवली की सगळं खुशाल. दोन वाजल्या की सवडीनं तुम्ही करा. आणि तीनच्या वर गेल्या, की कुणीतरी गेलं. उचलायचं कशाला?

दाजींनी त्याच दिवशी भिंतीवरचे तक्ते काढून टाकले. उभ्या जर्मनीत इतका स्वस्त दर कुठल्या कंपनीनं दिला नव्हता. तेव्हापासून त्या घरात फोन वाजला की कुणी उचलत नाही. सगळे हातातलं काम टाकून बोटं मोजत बसतात. आधी आकडे, मग माणसं, म्हणायचे ना? आता नुसते आकडेच.

परवा माझ्या घरात पाण्याचा नळ फुटला. मोठा पाना हवा होता, तो दाजींकडे, म्हणून फोन लावला. वाजतोय, वाजतोय… पाण्याच्या गडबडीत त्या घरची नवी रीत माझ्या ध्यानातच नव्हती, म्हटलं येतील, बाथरूममध्ये असतील, धरून बसलो. कुणी उचलेना. तासभर बादल्या उपसल्या आणि शेवटी तसाच ओल्या पायजम्यानं दोन गल्ल्या चालत गेलो. दार उघडंच. आत ताई तोंडाला ओढणी लावून मुसमुसतेय, तुन्जाय कामावरून बोलावून घेतलेला, सून त्याच्या शेजारी. माणूस गेलं की आमच्यात हलवा करतात, तर आजी चुलीशी उभी राहून रवा भाजतेय. माझ्या मनात आलं, आई… दाजींना विचारलं, "कोण गेलं?"

दाजींनी मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ते अजून कळलं नाही. पण घंट्या इतक्या वाजल्या, कुणीतरी फार मोठं असणार."

आता तुम्हीच सांगा, त्या घरात पाना कुठल्या तोंडानं मागायचा? बसलो मीही डोळे टिपत. हलवा मात्र छान झाला होता.