अर्ध्या बोटाचं दार

...नाही, पण चूक माझी कशी? तुम्हीच सांगा! फ्रेम म्हटली की चारी बाजूंनी चित्राचं अर्धं बोट खाणारच! नाहीतर चित्र धरून कोण ठेवणार, हवा? तीस वर्षं फ्रेमा करतोय, एक चित्र निसटलेलं नाही... आता चित्रकारबाईंनी नेमकं कडेलाच दार काढलं असेल, हे मला काय स्वप्नात दिसणार?

चित्र त्यांच्याच स्टुडिओचं. भिंती केशरी, जमीन जांभळी, टेबल हिरवंगार, डोळ्यांना झिणझिण्या! उजव्या कडेला एक पिवळी पट्टी. मला वाटलं, बाईंनी ब्रश पुसलाय! आणि तुम्हाला सांगतो, आम्ही चित्र पालथं घालून खिळे मारणारी माणसं, तोंड कोण बघतंय त्याचं? ठोकली फ्रेम, दिली प्रदर्शनात पाठवून.

प्रदर्शनात बायको चित्रासमोर उभी राहून म्हणते, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अहो, या खोलीला दारच नाही! बाई आत शिरल्या कुठून?"

अरे देवा, ती पिवळी पट्टी म्हणजेच दार! या बाई म्हणजे कोण? आधीच्या फ्रेमवाल्याला एका ओरखड्यापायी असं झाडलं, की आता एक चित्रकार त्याची पायरी चढत नाही. गेलं माझं दुकान!

आणि बाई आल्याच. बघतायत... बघतायत... मी हातच जोडले, "बाई, फ्रेम म्हटली की अर्धं बोट खाणारच, पण आत्ता उतरवतो..."

"खबरदार हात लावाल तर! तीन महिने डोकं फोडत होते मी. बघणाऱ्याची नजर मेली त्या दारातून पळून जायची. आता कशी बसलीये खोलीत गपचूप!"

हुश्श! अहो, जीव भांड्यात पडला! बायकोला म्हटलं, "बघितलंस? कला आहे ही!" ती म्हणाली, "कला कसली, नशीब." असू दे! वाचलो ना? दोन दिवस दुकानात शीळ घालत होतो, खरं सांगतो.

आणि आज सकाळी बाई हजर, टेम्पो घेऊन. स्टुडिओचीच आणखी नऊ चित्रं! "यांचीही दारं खायची. कशी, ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

मी छाती फुगवून पहिल्याचा कागद काढला, दुसऱ्याचा काढला, पार नवव्याचा... फ्रेम म्हटली की अर्धं बोट खाणारच हो, पण कडेचं! आणि या नऊच्या नऊ चित्रांत दार कुठे असावं? बरोब्बर मधोमध!

...आणि मी? "होईल की, बाई" म्हणून बसलोय.