गाडीतली माशी

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती सर, सौ. वहिनी, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनो,

मी रसायनशास्त्र शिकवते. आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले भौतिकशास्त्राचे सर; त्यांच्याशी माझी खरी ओळख मात्र त्यांच्या गाडीतली. कित्येक वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शाळेत आले. आत्ता मी इथे सारखी चुळबुळ करतेय ती त्यामुळेच. उजवा पाय अजूनही नसलेला ब्रेक शोधतो!

सरांना प्रश्न पडायचे, आणि तेही नेमके वळणावर. काच आतूनच का धुरकटते? लांबचा डांबरी रस्ता ओला का दिसतो? उत्तर द्यायला दोन्ही हात लागायचे. मग स्टिअरिंग? ते देवाच्या भरवशावर.

एके सकाळी गाडीत माशी शिरली.

"बाई, गाडी एवढी पळतेय, मग ही मागच्या काचेवर का आपटत नाही?"

"आतली हवाही पळतेय म्हणून. सर, समोर बघा."

"बरोबर! पण आत्ता ब्रेक दाबला, तर?" आणि माशी कुठे आहे हे बघायला सर चक्क मागे वळले.

"सर!" मी किंचाळले.

ब्रेक कचकन लागला. माशीचं काय झालं, कुणी पाहिलं नाही. बंपरच्या पुढ्यात एक आजोबा रस्त्यावर बसले होते. गाडी लागली नव्हती, दचकून तोल गेला होता. सर धावले, त्यांना उठवलं.

आजोबांनी विचारलं, "एवढी घाई कसली? गाडीत कुणी आजारी आहे का रे?"

सांगा, काय बोलणार? थाप मारणं किती सोपं होतं! सर म्हणाले, "नाही आजोबा. मी माशीकडे बघत होतो."

आजोबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मला घरी सोड. पण चालत."

सरांनी त्यांना हात धरून घरी पोचवलं. मीही सोबत होते.

त्या दिवसापासून प्रश्न पडला की सर गाडी कडेला घेत, इंजिन बंद करत आणि मगच तोंड उघडत. अध्यक्ष महाशय, रोज उशीर का होतो, म्हणून मुख्याध्यापक या नात्याने आपण आम्हाला किती फैलावर घेतलंत! आम्ही उशिरा पोचायचो, पण पोचायचो. रस्त्यावरचे बाकीचेही आपापल्या घरी पोचायचे.

आपण सर्वांनी आपुलकीने ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं निघालं असेल तर पोटात घाला. आणि वहिनी, ही हकिगत आपल्याला आजच कळतेय, हे आपल्या चेहऱ्यावरून दिसतंय. सरांना काय बोलायचं ते घरी पोचल्यावर बोला. गाडीत नको!