घट्ट पाणी

माझं संशोधन घरी एकदाच कामाला आलं, ते सांगतो. नांदेडला मी कापसाच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून त्याचे अतिसूक्ष्म तंतू पाण्यात मिसळायचो आणि ते मिश्रण कसं वाहतं ते मोजायचो. ठेवलं की दह्यासारखं घट्ट, ढवळलं की पातळ. त्या वर्षी दुष्काळ होता, आणि त्यातच उदगीरला घरी बाबांना अर्धांगवायू झाला. डॉक्टर म्हणाले, "यांना नीट गिळता येत नाही, साधं पाणी फुप्फुसात जाईल. ही पावडर घालून घट्ट करून पाजा."

मला वाटलं, हे तर आपलंच काम.

बाबांनी एक चमचा घेतला. "हे पाणी न्हाई."

"पाणीच हाय बाबा. नुसतं घट्ट केलंय."

"गल्लीला टँकरचं पाणी वाटलंय मी. मला पाणी कळतं. एक घोट साधं दे."

मी दिलं नाही. चार दिवस ते मागत राहिले, मग मागायचे थांबले. चमचा पुढं केला की गुपचूप तोंड उघडायचे.

शेवटच्या सकाळी डॉक्टरच म्हणाले, "आता मागतील ते द्या."

मी तांब्या घेऊन आलो. "बाबा, साधं पाणी आणलंय."

त्यांनी हळूच मान हलवली. "राहू दे. तू केलेलंच दे."